घाम फुटलेली डबी

मे महिना लागला आणि आमच्या हॉलमधल्या डबीला घाम फुटायला लागला. डबी म्हणजे थर्मोस्टॅट. कंपनीने तिला भलंमोठं नाव दिलंय, पण रत्नागिरीत सगळे तिला डबीच म्हणतात. सकाळी मी कामावर निघताना ती खडखडीत कोरडी असायची. संध्याकाळी परत यावं तर काचेवर थेंब, खाली भिंतीवर ओघळ आणि छत बंद.

मला याचा जरा जास्तच राग आला, कारण मी बर्फाच्या कारखान्यात पाळीप्रमुख आहे. वाफ कधी धरते, पाणी कुठे सुटतं, नळ्यांना केव्हा गुंडाळायचं, हेच माझं दिवसभराचं काम. डॉक्टरच्या घरी कायम सर्दी असावी तशी माझी गत झाली होती.

छत बंद म्हणजे काय, ते आधी सांगते. आता किनारपट्टीवरच्या बहुतेक नव्या घरांत थंड हवा फेकणारी यंत्रं नसतात. छताच्या आत केसाएवढ्या नाही, पण करंगळीपेक्षा बारीक नळ्या पसरलेल्या असतात आणि त्यांतून गार पाणी फिरतं. छत गार झालं की खाली बसलेल्या माणसाच्या अंगातली उष्णता ते ओढून घेतं. आवाज नाही, झोत नाही, वीज निम्मी. फक्त एक पथ्य आहे. गार पाण्याचा पेला बाहेरून जसा ओला होतो, तसं छतही ओलं होऊ शकतं. हवेत वाफ जास्त झाली की ती गार पृष्ठभागावर पाणी होऊन बसते. सुरुवातीच्या काळात लोकांच्या ताटात छतावरून थेंब पडले, भिंतींना बुरशी आली, भांडणं झाली. म्हणून डबी आली. गच्चीवरचं यंत्र हवेतली वाफ काढून घेतं, डबी किती वाफ उरली ते मोजत बसते, आणि ओल हद्दीबाहेर गेली की छताचं गार पाणी सरळ बंद करते. घर तापलं तरी चालेल, छत ठिबकायला नको, असा तिचा हिशेब.

एरवी घर तापलं तर खिडक्या उघडता आल्या असत्या. पण मे महिन्यात बाहेर ओलं ऊन असतं. हा शब्द आता बातम्यांतही येतो. हवा आधीच वाफेने इतकी भरलेली असते की घाम येतो, पण वाळत नाही. घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. धडधाकट माणूससुद्धा सावलीत बसल्या बसल्या आडवा होतो. अशा दिवसांत छत ही चैन राहत नाही.

आणि घरात दिवसभर मामाजी असत.

मामाजी म्हणजे माझे सासरे, सुखदेवराव गावंडे. सासूबाई गेल्यावर, होळी झाली आणि ते अकोल्याहून आमच्याकडे राहायला आले. अकोल्यात त्यांचं कूलरचं दुकान होतं. पत्रा कापण्यापासून वाळ्याच्या ताट्या बांधण्यापर्यंत सगळं स्वतः करायचे. अर्ध्या गावाच्या खिडक्यांत आपले कूलर घुरघुरत होते, असं ते अभिमानाने सांगत, आणि ते खरं होतं. माझा नवरा प्रज्वल समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला. महिना-महिना तिकडेच. त्यामुळे घरात मी आणि मामाजी. ते मला ‘बर्फवाली’ म्हणत. माशाचा काटा या प्रकाराला ते भयंकर घाबरायचे. मी सुरमई काटे काढून ताटात वाढली तरी आधी बोटाने चाचपून बघायचे. आमचं बरं चाललं होतं.

डबीसाठी मी कंपनीकडे तक्रार केली. तन्वी पेडणेकर नावाची मुलगी आली. तिने डबी भिंतीवरून उतरवली आणि मागचं वायरींचं भोक दाखवलं.

“ताई, हे उघडं राहिलंय. भिंतीच्या पोकळीतली ओली हवा इथून आत शिरते आणि डबीत पाणी धरते. बहुतेक घरांत हेच असतं.”

तिने लांबी भरून भोक बुजवलं. दोन दिवसांनी डबी पुन्हा ओली. ती पुन्हा आली, आतली ओल मोजणारी पातळ चकती बदलली. ही चकती हवेतली वाफ शोषते आणि किती शोषली त्यावरून डबीला कळतं. तिच्यावरच थेंब बसला तर ती बिचारी हवा पूर्ण भिजली आहे असंच सांगत राहते.

“घरात कपडे वाळत घालता का?” तन्वीने विचारलं.

“नाई बाप्पा,” मामाजी आतून म्हणाले. “कपडे वाळवायचं यंत्र हाये नं.”

“मग काही कळत नाही बाई,” तन्वी म्हणाली आणि गेली. तिसऱ्या दिवशी डबीच्या काचेवरून ओघळ. मी हात टेकले.

त्याच आठवड्यात प्रज्वलचा फोन आला. एरवी तो आधी समुद्र कसा आहे, जेवण कसं आहे वगैरे सांगतो. त्या दिवशी थेट म्हणाला, “केतकी, डबीच्या कंपनीच्या काळजी विभागाकडून बाबांबद्दल अहवाल आलाय.”

डबी नुसती ओल मोजत नाही, हे मला माहीत होतं, पण त्याचा मी कधी नीट विचार केला नव्हता. माणूस श्वास सोडतो, घाम गाळतो, आंघोळ करतो, चहा उकळतो. यातल्या प्रत्येक गोष्टीने हवेत वाफ मिसळते आणि प्रत्येकाची चढण-उतरण वेगळी असते. आंघोळीची वाफ झटक्यात चढते, झोपलेल्या माणसाची संथपणे. हजारो घरांतल्या अशा नोंदी शिकून डबी ओळखते की घरात किती माणसं आहेत, कोण उठलं, कोण अजून उठलं नाही. एकट्या म्हाताऱ्या माणसांसाठी ही मोठीच सोय झाली. कोणी न्हाणीघरात पडलं तर डबी ओरडते. पुढे कंपनीच्या लक्षात आलं की विसरभोळेपणा सुरू झाला की घरातली ओल बदलते. नळ उघडा राहतो, दूध उतू जातं, बादली भरून वाहते. माणसाला स्वतःला कळायच्या आधी डबीला कळतं.

“त्यात लिहिलंय, दुपारी घरात वारंवार पाणी सांडतंय,” प्रज्वल म्हणाला. “स्मृतिभ्रंशाची दाट शक्यता, असं म्हणतायत ते.”

“डबी बिघडलीय रे! दोनदा दुरुस्त केली.”

“डबी बिघडली तर ओल चोवीस तास दाखवेल. फक्त तू नसताना कशी दाखवेल?”

मी वळून डबीकडे बघितलं.

“नाशिकला अशा म्हाताऱ्या माणसांसाठी एक चांगला निवास आहे,” तो हळूच म्हणाला. “सतत माणूस असतं सोबत. मी चौकशी केलीय. महिनाअखेरीस काळजी विभागवाले बोलतील बाबांशी आणि ठरवतील.”

“चौकशीसुद्धा केलीस? वा! आणि त्यांना कोणी विचारायचं?”

“तू दिवसभर कारखान्यात. मी इथे पाण्यात. त्यांच्याजवळ कोण आहे, सांग ना.”

मी फोन ठेवला. मला प्रज्वलचा राग आला होता आणि डबीचा त्याहून जास्त. आत मामाजी रेडिओला बारीक आवाजात दम भरत होते. गाण्यांच्या मध्ये जाहिराती का लावता म्हणून. या माणसाला नाशिकला पाठवायचं, का, तर भिंतीवरची एक डबी म्हणते म्हणून!

दुसऱ्या दिवशी मी पाळी बदलून घेतली आणि भर दुपारी, न सांगता घरी आले.

दार उघडलं तर पायाखाली पाणी. हॉलभर फरशीवर सडा घातलेला. खिडकी सताड उघडी आणि तिच्यात माझी चांगली सुती चादर, ओलीचिंब, पाणी गळत असलेली. तिच्यासमोर टेबलफॅन. मामाजी स्टुलावर उभे होते, आणि त्यांनी डबीला ओला पंचा गुंडाळला होता. माठाला गुंडाळतात तसा, व्यवस्थित, गाठ मारून.

“मामाजी!”

“आली का? पाय पुसून ये वं, घसरशीन.”

“हे काय करताय?”

“गार करून राह्यलो. छत बंद पडते नं दुपारी. मंग भल्लं तापते. ह्या डबीलेच उष्णता चढते, मले वाटते. तिले निववली तं घर निवन.”

मी कपाळाला हात लावला आणि मग मला हसू आवरेना. ते बघून तेही हसायला लागले, कशाला ते न कळताच. मी त्यांना खाली उतरवलं, खुर्चीत बसवलं आणि सगळं समजावलं. अकोल्याची हवा कोरडी. तिथे पाणी शिंपडलं की ते झटकन उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. म्हणून कूलर चालतो, म्हणून ओली चादर चालते. इथली हवा आधीच भरलेली. तिथे पाणी उडायला जागाच नाही. ते नुसतं हवेत भर घालतं. डबी घाबरते, छत बंद करते. छत बंद झालं की तुम्हाला उकडतं, तुम्ही आणखी पाणी मारता.

मामाजी पुढे वाकून ऐकत होते. डोळे मोठे झाले होते.

“म्हंजे मीच घर तापवून राह्यलो?”

“हो ना!”

“अन मी समजलो मी निववून राह्यलो!” त्यांनी मांडीवर थाप मारली. “इतकी वर्षं दुकान केलं, अन हे कोनी सांगितलं नाई मले. वा वं, बर्फवाली!”

मी तिथूनच प्रज्वलला फोन लावला आणि विजयी सुरात सगळी हकीकत सांगितली. डबीला वऱ्हाडी माणूस माहीत नाही, मी म्हणाले. तिच्या हजारो घरांत ओली चादर खिडकीत टांगणारं घर नसेल. तिला वाटतं, शुद्धीवरचा माणूस हवेत मुद्दाम पाणी घालूच शकत नाही.

प्रज्वल “ठीक आहे,” एवढंच म्हणाला. त्याला आनंद झाला नाही याचं मला वाईट वाटलं.

महिनाअखेरीस काळजी विभागातल्या बाई पडद्यावर आल्या. त्यांनी मामाजींना नाव, गाव, लग्नाचं साल विचारलं. मामाजींनी सगळं सांगितलं आणि वर वाळ्याची ताटी कशी बांधायची, वाळा ओला असताना बांधली तर का सडते, हेही सांगितलं. बाई हसून हसून बेजार झाल्या. निर्णय पुढे ढकलण्यात आला. मी तेवढ्यावर थांबले नाही. घरातली काळजीची सूचना बंद करा, म्हणून सांगितलं. पुन्हा असल्या अफवा नकोत. त्यांनी विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, अगदी नक्की.

त्यानंतर डबी कोरडी होती. छत दिवसभर गार, त्यामुळे मामाजींना पाणी मारायची गरजच पडत नव्हती. मी रोज संध्याकाळी तिच्या काचेवरून बोट फिरवून बघायचे आणि खूश व्हायचे.

जून लागला, पाऊस लांबला आणि ओल्या उन्हाचा इशारा आला. बंदरावरचं काम बंद. आमचा कारखाना मात्र चालूच, कारण अशा दिवशी बर्फ मासळीपेक्षा इस्पितळांना जास्त लागतो. दुपारी मी मामाजींना जेवलात का विचारायला फोन केला.

“दुकान कोन पाहून राह्यलं?” ते म्हणाले.

“कसलं दुकान, मामाजी?”

“गिऱ्हाईक उभं हाये नं. अन पानी संपलं टाकीतलं.” त्यांचा आवाज जड होता, जीभ अडखळत होती.

मी फोन चालूच ठेवला आणि कारखान्याच्या गाडीत बर्फाच्या दोन पिशव्या टाकून निघाले. घर जवळच आहे, पण तो रस्ता मला जन्मभर आठवेल. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मी मोठमोठ्याने त्यांना हाका मारत होते. पलीकडून फक्त पंख्याचा आवाज येत होता.

खिडकी उघडी. चादर टांगलेली. फरशीवर पाणी. डबीला पंचा. आणि मामाजी भिंतीला टेकून जमिनीवर बसलेले, तोंड लालबुंद, अंग भट्टीसारखं. आत शिरल्याबरोबर माझा चष्मा वाफेने भरला.

मी खिडकी लावली, पंचा ओढून फेकला, त्यांच्या काखेत, मानेला, जांघेत बर्फ लावला. शेजारच्या फ्लॅटमधल्या दोघांनी त्यांना उचलून आपल्या गार घरात नेलं. रुग्णवाहिका आली, सलाइन लागलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ गेला असता तर आणायचा उपयोग नव्हता. संध्याकाळपर्यंत मामाजींनी मला ओळखलं. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं, तेव्हा ते ठणठणीत होते आणि इस्पितळातल्या वरणात हिंगच नव्हता अशी तक्रार करत होते.

मी धरून चालले होते की उष्म्याने त्या दिवशी डोकं भरकटलं असणार. घरी आल्यावर, चहा झाल्यावर, गार छताखाली बसून मी शांतपणे विचारलं, “मामाजी, आपलं बोलणं झालं होतं ना? पाणी मारायचं नाही म्हणून?”

“कवा?”

“मागच्या महिन्यात. मी दुपारी आले होते. तुम्ही स्टुलावर होतात.”

ते माझ्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर ओशाळेपणा नव्हता, खोटेपणा नव्हता. काहीच नव्हतं. मग त्यांनाच माझी दया आली असावी.

“तुले कामाचा भल्ला ताप हाये,” ते म्हणाले. “दुसऱ्या कोनाले सांगितलं असशीन. पन पानी काऊन मारायचं नाई? पान्यानं तं निवते.”

मी पुन्हा सगळं सांगितलं. अकोल्याची हवा, इथली हवा, डबी, छत. ते पुढे वाकून ऐकत होते. डोळे मोठे झाले. शेवटी त्यांनी मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, “म्हंजे मीच घर तापवून राह्यलो?”

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. मला ते फार आवडतात. ते असे माझ्यासमोर बसून हसत असताना कुठेतरी निघून चालले होते, आणि हे मला भिंतीवरच्या डबीने सांगितलं होतं, आणि मी तिचं तोंड बंद केलं होतं.

मग मी प्रज्वलला फोन केला.

“डबी बरोबर होती,” मी म्हटलं. “त्यांना आठवत नाहीये. ते मुद्दाम नाही करत. मी सांगितलेलं त्यांच्यात राहतच नाही.”

“माहीत आहे,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“ते आले त्या दिवशीच मी त्यांना छताचं सगळं सांगितलं होतं. निघताना पुन्हा सांगितलं. दोन्ही वेळा त्यांना ते नवीन होतं.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तू इतकी खूश होतीस. मला वाटलं, तुझंच खरं असावं.” त्याचा आवाज फाटला. “मशीनने सांगितलं की बरं वाटतं गं. आपल्याला सांगावं लागत नाही.”

मी काळजीची सूचना पुन्हा सुरू करून घेतली. दुसऱ्या दिवशी त्याच बाई फोनवर आल्या. या वेळी त्या हसल्या नाहीत. प्रज्वललाही त्यांनी जोडून घेतलं होतं. डबीला आता घरातल्या सवयी शिकवू, खिडकी उघडली की तुम्हाला कळवू, म्हणाल्या. पण कळल्यावर त्यांच्याजवळ पोचायला माणूस लागतं.

“दिवसभर सोबत राहील असं घरात कोणी आहे का?” त्यांनी विचारलं. “नसेल तर नाशिकची जागा अजून आहे. मला आज सांगावं लागेल.”

मी कारखान्याचा, पाळ्यांचा, पगाराचा विचार करत होते. रजा किती उरल्यात ते मनात मोजत होते. मी तोंड उघडणार, एवढ्यात प्रज्वल म्हणाला, “आहे. मी आहे.”

“सर, तुम्ही तर समुद्रात—”

“मी किनाऱ्यावरचं काम मागितलंय. नाही मिळालं तर सोडतोय. नाशिक राहू द्या.”

बाईंनी बरं म्हटलं आणि त्या गेल्या. प्रज्वल अजून फोनवरच होता. हॉलमधून मामाजींचा आवाज आला.

“कोन हाये वं फोनवर?”

“प्रज्वल आहे, मामाजी. घरी येतोय. कायमचा.”

ते लगबगीने दारापर्यंत आले. कपाळावर आठ्या पडल्या होत्या.

“त्याले म्हना इतक्यात येऊ नको,” ते म्हणाले. “बाहेर भल्लं ऊन हाये. लेकराले सोसत नाई.”

प्रज्वलने ते ऐकलं. तो दुसऱ्या दिवशीच्या बोटीने निघाला.